हात न लावलेल्या सहा सऱ्या

सकाळी सहा वाजता मी भवानी पेठेतल्या घरात गॅससमोर उभी राहून चहा गाळत असायचे, तेव्हा गावाकडे माझी जाऊ काकडीच्या सरीत उकिडवी बसलेली असायची. एक नुसतं फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलून टाकायच्या, आतला केसर उघडा करायचा आणि तो दुसऱ्या फुलाच्या तोंडात हलकेच फिरवायचा. ज्या फुलाच्या मागं पेराएवढी कोवळी काकडी असते, त्याला ती लेकुरवाळं फूल म्हणायची, आणि ज्याच्या मागं काही नाही ते नुसतं. एक नुसतं फूल तीन-चार लेकुरवाळ्यांना पुरतं. ऊन चढलं की फुलं मलूल होतात, म्हणून साडेनऊच्या आत सगळं उरकायचं. वीस गुंठे काकडी आणि दोन हात. तिची कंबर धरायची आणि उजव्या हाताची दोन बोटं पिवळी व्हायची. तो पिवळेपणा साबणानंही जायचा नाही.

हे काम खरं तर माश्यांचं. पण आमच्या रानात माश्या उरल्या नव्हत्या. चिंचोळी एमआयडीसी ओलांडून थोडं पुढं गेलं की आमचं गाव. तिथं दीर आणि जाऊ शेती करतात, आम्ही नवरा-बायको शहरात. नवरा कारखान्यात आणि मी प्राथमिक शाळेत. दिराचे बांध बघून जाणारा येणारा नाव काढायचा. गवताची काडी नाही. तणनाशक मारायचं, उरलंसुरलं पेटवून द्यायचं. तरवडाची जुनी खोडं तेवढी चिवट, ती दर वर्षी तोडली तरी पुन्हा फुटायची. काकडीला फुलं भरपूर यायची आणि लेकुरवाळी पिवळी पडून गळायची. एका वर्षी बाहेरून मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या. शेजारच्या रानात फवारणी झाली आणि चौथ्या दिवशी पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचा सडा पडला. त्यानंतर जावेनं कुणाला काही न विचारता सरीत बसायला सुरुवात केली.

मला हे दोन वर्षं माहीत होतं आणि दोन वर्षं मी त्याचं कौतुक केलं. हे कबूल करायला मला लाज वाटते. 'किती कष्टाळू आहे बाई', असं म्हणून मी तिनं पाठवलेल्या काकड्यांची कोशिंबीर करायचे. मग एके दिवशी पाचवीच्या वर्गात फळ्यावर फूल काढलं, त्यावर माशी काढली, पिवळ्या खडूनं तिच्या पायाला परागकण चिकटवले, आणि मुलांना विचारलं, 'माशी नसेल तर?' मी माझ्या बोटांकडं पाहिलं. ती खडूनं पिवळी झाली होती. वीस वर्षं मी माशी शिकवते आहे आणि माझ्या घरात एक बाई माशी होऊन बसली आहे, हे त्या दिवशी मला कळलं. मला स्वतःचा इतका राग आला की पुढचा तासभर तो मी मुलांवर काढला.

राग आला की मी गप्प बसत नाही, कामाला लागते. मिळेल ते वाचलं, शेतीचं शिकलेल्या दोघा-तिघांचं विचारून विचारून डोकं खाल्लं. सगळ्यांचं सांगणं एकच होतं: इथल्या माश्या पेटीत राहत नाहीत, त्या बांधाच्या मातीत भोक करून, झुडपाच्या फांदीला लटकून, वाळल्या काडीत राहतात, आणि काकडीला फूल नसतं तेव्हाही त्यांना काहीतरी खायला लागतं. बांधावर रानफुलं हवीत. पुढच्या रविवारी मी दिराला म्हणाले, "पूर्वेच्या बांधाला चार हात रुंद पट्टा मला द्या. मी त्यात कुर्डू पेरणार, कारळे पेरणार, रानतुळस लावणार. तरवड तोडायचा नाही आणि काही फवारायचं नाही."

दीर जेवत होता. त्यानं भाकरीचा घास खाली ठेवला.

"वैनी, लोकं कुर्डू काडाय बाया लावत्यात. आन तुमी पेरा म्हंता?"

"हो."

"गावात त्वांड दाकवायचं हाय मला."

जाऊ चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिनं मागं न बघता एवढंच म्हटलं, "माझी कंबर लई दुकतीया." दिरानं उरलेली भाकरी संपवली, हात धुतला. मग आमचा करार झाला, आणि तो त्यानं घातलेल्या अटींवर झाला. पट्टा मिळेल. पण पट्ट्याला लागून असलेल्या सहा सऱ्यांत जावेचा हात लागणार नाही. त्या सहा सऱ्या माश्यांच्या. नवरात्रातल्या अष्टमीपर्यंत त्या सऱ्यांत काकडी धरली तर पट्टा राहील. नाही धरली तर अष्टमीला तो ट्रॅक्टरला रोटर जोडून सगळं तण मातीत घालणार, आणि पुन्हा हा विषय त्याच्यापुढं काढायचा नाही.

"सहा सऱ्या म्हंजी लई माल जातूय, अक्का," जाऊ मला नंतर म्हणाली.

"जाणार नाही," मी म्हणाले. खात्री मला कसलीच नव्हती.

कुर्डूचं बी मला शेजारच्या अम्मानं दिलं. आमच्या बोळात समोरासमोर दारं आहेत. अम्मा विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू बोलतात. नवऱ्याचा माग बंद पडून कैक वर्षं झाली, तेव्हापासून ती दारात बसून मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. मी बी शोधते आहे म्हटल्यावर ती आत गेली आणि पत्र्याच्या डबीत मोहरीहून बारीक, काळं चमकदार बी घेऊन आली. ती त्याला गुनुगु म्हणते. पितृपक्षातल्या अमावास्येपासून त्यांची बतकम्मा सुरू होते, ती अष्टमीपर्यंत चालते. ताटात तरवडाच्या पिवळ्या फुलांचा थर, त्यावर कुर्डूच्या गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचा, पुन्हा पिवळा, पुन्हा गुलाबी, असा वर निमुळता होत जाणारा ढीग रचायचा, टोकावर भोपळ्याचं फूल ठेवायचं, भोवती बायकांनी टाळ्या देत फेर धरायचा आणि मग ते पाण्यात सोडायचं. फुलांचीच देवी ती. अम्मा लग्न होऊन आली तेव्हा गावाबाहेरच्या माळावर टोपल्या भरून फुलं मिळायची. आता त्या माळावर प्लॉट पडले. गेली कित्येक वर्षं ती बाजारातला झेंडू आणि प्लास्टिकची फुलं लावते. पण गच्चीवर दोन डब्यांत चार रोपं लावून तिनं कुर्डूचं बी तेवढं राखलं होतं.

डबी माझ्या हातात देताना ती म्हणाली, "बी घे टीचर. पण पहिला फूल माझ्या बतकम्माला."

"पहिलंच काय, टोपल्या भरून देईन," मी म्हणाले. बोलायला माझं काय जात होतं?

जूनमध्ये पेरलं. सप्टेंबरात पट्टा असा काही फुलला की दिरानं तिकडं बघणंच सोडून दिलं. कुर्डूचे तुरे कमरेएवढे, मधूनमधून कारळ्याचा पिवळा, रानतुळशीला मंजिऱ्या, आणि दर वर्षी मार खाणारा तरवड यंदा कुणी हात न लावल्यानं फुलांनी वाकलेला. माळावरच्या धनगरांच्या बायका रस्त्यानं जाताना थांबून बघायच्या आणि जावेला विचारायच्या, "तण का ठिवलंय गं?" जाऊ म्हणायची, "थोरल्या जावेचं हाय." म्हणजे दोष माझ्याकडं.

काकडीची लेकुरवाळी फुलं उमलायला लागली ती नेमकी पितृपक्षात. आणि मी बिथरले. सहा सऱ्या आणि त्यांच्या शेजारी चार हात रुंद फुलं, एवढंच माझं भांडवल. मला वाटायला लागलं की एक जरी फूल कमी झालं तर माशी येणार नाही. मी जावेला बजावलं की पट्ट्यातलं एकही फूल तोडायचं नाही, घटाच्या माळेलासुद्धा नाही. आमच्या घरी घटावर दर वर्षी कारळ्याची आणि तरवडाची माळ असते. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"देवीला बी न्हाय?"

"देवीला झेंडू घाल."

तिच्या सासरच्या घरात, तिच्या हातानं बसणाऱ्या घटाबद्दल मी हुकूम सोडला होता, आणि शहरात राहणाऱ्या थोरल्या जावेनं असं करायचं नसतं हे मला त्याही क्षणी कळत होतं.

अमावास्येच्या दिवशी दुपारी शाळेतून आले तर अम्मा दारात. सूप बाजूला ठेवून उभी राहिली. "टीचर, गुनुगु आला का?"

"नाही हो अम्मा," मी म्हणाले. "यंदा पाऊस उशिरा झाला ना. अजून फुललंच नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली आणि खाली बसून पुन्हा विडी वळायला घेतली. संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी बायकांनी फेर धरला. मध्ये अम्माचं ताट होतं, झेंडूचं, आणि टोकाला प्लास्टिकचं फूल. दर वर्षी मी जाऊन दोन फेऱ्या मारायचे. त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून खिडकी लावून घेतली.

घट बसले. रोज सकाळी सात वाजता मी जावेला फोन करायचे.

"आलं का कोण?"

"न्हाय."

"किती गळली?"

"लई गळत्याती, अक्का. पिवळ्या पडून हातात येत्याती. मी लावू का हात? एकाच सरीला?"

"नाही."

ढगाळ हवा होती. ढगात माशी फिरत नाही, असं मी तिला सांगत होते आणि स्वतःलाही. ती सातव्या सरीपासून पुढं रोजच्यासारखी बसायची, आणि सहावीत, हाताच्या अंतरावर, फुलं उमलून, मलूल होऊन गळताना बघायची. मी तिच्या जागी असते तर गुपचूप हात लावला असता. तिनं नाही लावला. तिसऱ्या माळेला रविवार होता. मी सूर्योदयाआधीच स्कूटीवर निघाले. रानात पोचले तेव्हा ढग फाटले होते, ऊन आलं होतं, आणि पट्ट्यातून आवाज येत होता.

माश्या आल्या होत्या. कारळ्यावर बारीक फुलोरी माश्या, तरवडात काळे भुंगे अंग घुसळून घेत होते, रानतुळशीवर पोटाला निळे पट्टे असलेल्या माश्या, त्यांची मला नावंही धड येत नव्हती. मी तिथंच बांधावर बसले आणि मला रडू आलं. जाऊ येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"हिकडं बगा," ती म्हणाली आणि मला सहा सऱ्यांकडं घेऊन गेली.

काकडीवर एकही माशी नव्हती. फुलं उघडी होती, ऊन होतं, चार पावलांवर एवढी गर्दी, आणि काकडीकडं कुणी फिरकत नव्हतं. का फिरकतील? काकडीच्या फुलात असं काय मोठं असतं? शेजारी मी पंचपक्वान्नांचं ताट मांडून ठेवलं होतं. आम्ही दोघी अर्धा तास उभ्या राहिलो. एक भुंगा चुकून आला, एका फुलाला शिवला आणि परत तरवडात गेला.

"तुमच्या फुलांनी आमचंच गिऱ्हाईक पळवलं की, वैनी," दीर मागून म्हणाला. तो हसत नव्हता.

जाऊ म्हणाली, "अक्का, निम्मी फुलं कापू का?"

"हात लावू नकोस," मी ओरडले. "आत्ता कुठं आल्यात. कापलीस तर निघून जातील."

"मग माझ्या सऱ्यांचं काय? तुमी जाशीला साळंत. बाजारात मोकळी पाटी घिऊन मला जायचं हाय."

"तुझ्यासाठीच चाललंय हे."

"माझ्यासाटी हाय तर मला इचारा की," ती म्हणाली. "घटाची माळ बी मला इचारली न्हाय."

दिरासमोर बोलली. माझ्याशी ती इतक्या वर्षांत असं बोलली नव्हती. मी चहासुद्धा न घेता परत आले. एमआयडीसीचा फाटा येईपर्यंत मी मनात तिला उत्तरं देत होते आणि त्यातलं एकही मला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, चौथ्या माळेला, जाऊ बाजारात माल देऊन आमच्या घरी काकड्या द्यायला आली. मी शाळेत होते. घराला कुलूप बघून ती समोर अम्माकडं टेकली. मी परतले तर जाऊ अम्माच्या दारात पाणी पीत बसलेली, आणि अम्माच्या मांडीवरचं सूप थांबलेलं. जावेला करार माहीत होता, मी अम्माला दिलेला शब्द माहीत नव्हता. तिनं साधेपणानं सांगून टाकलं होतं.

"फुललंय की, अम्मा. लई फुललंय. कमरंएवडं झालंय कुर्डू."

मी बोळातच उभी राहिले. अम्मा वर बघून काही बोलेल, चार माणसांत माझी शोभा करेल, असं वाटलं. तिनं जावेच्या हातातला पेला घेतला, आत गेली आणि दार लोटून घेतलं. काही अपमान असे असतात की समोरच्यानं ते केलेलेच नसतात.

पाचव्या माळेला पहाटे मी दार उघडलं तर अम्मा उंबऱ्यासमोर उभी. धुवट नऊवारी, हातात रिकामी वेताची टोपली.

"चल," ती म्हणाली.

नाही म्हणायला तोंड नव्हतं. तिला स्कूटीवर मागं बसवलं. टोपली तिच्या मांडीवर. पुणे रस्त्याला लागल्यावर माझ्या कानामागून तिचा आवाज आला.

"गुनुगु न फुलता राहत नाय. मला माहीत होता."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"सांगायचा तर तुला होता ना."

सातव्या वर्षी चोरी पकडली गेली होती तेव्हा जसं वाटलं होतं तसंच वाटत होतं.

रानात पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. जाऊ सातव्या सरीत बसलेली. आम्हाला बघून उठली. मी तिला एवढंच म्हणाले, "माझं चुकलं. अम्माला शब्द दिला होता. तू पण घटासाठी घे." तिनं मान हलवली आणि बांधाच्या कोपऱ्यातला कोयता आणि एक टोपली आणली.

अम्मानं पट्ट्यात पाऊल टाकलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. तुरे तिच्या खांद्याला लागत होते. मग तिनं कापायला सुरुवात केली. विडीची पानं कापणारा हात तो, एक वार आणि तुरा टोपलीत. मी बांधावर उभी राहून बघत होते आणि प्रत्येक तुऱ्यागणिक माझ्या जिवाचं पाणी होत होतं. पण तिचं कापणं आडवंतिडवं नव्हतं. पूर्ण उमललेला ताजा तुरा घ्यायची, बुडाशी बी धरायला लागलेला सोडायची. तरवडाच्या एका झुडपाच्या दोन डहाळ्या घेतल्या की पुढं. "सगळा नाय घ्यायचा," ती स्वतःशीच पुटपुटत होती, "पुढच्या वर्षी कोण देणार?" जावेनं कारळ्यानं आपली टोपली भरून घेतली. तासाभरात दोन टोपल्या भरल्या आणि पट्टा निम्मा विरळ झाला. मला तो भकास दिसत होता. मी घड्याळ बघत होते. शाळेला उशीर होणार होता. माझे पाय निघत नव्हते.

ऊन आलं. माश्या आल्या. फुलोरी माश्या कारळ्यावर फिरल्या, उठल्या, पुन्हा फिरल्या. मग त्यातली एक पहिल्या सरीत आली. जाऊ तिथं उभी होती, दोन्ही हात पाठीमागं बांधून, शाळेत मी मुलांना उभं करते तशी. माशी एका नुसत्या फुलात शिरली, पिवळी होऊन बाहेर आली, आणि शेजारच्या लेकुरवाळ्यात शिरली. दुसरी आली. मग निळ्या पट्ट्यांची एक. नऊ वाजेपर्यंत पहिल्या तीन सऱ्यांत आवाज चालू झाला होता.

फुलं कमी झाली म्हणूनच त्या काकडीकडं वळल्या, असं मी छातीठोक सांगणार नाही. ऊनही त्या दिवशी चांगलं पडलं होतं. एका सकाळवरून निष्कर्ष काढू नये हे मीच मुलांना शिकवते. पण मी ज्यांना फुलं द्यायला नकार देत होते त्या दोन बायका आपापली टोपली भरून उभ्या होत्या, आणि मी ज्यांच्यासाठी ती राखत होते त्या माश्या आपलं काम करत होत्या. आणि मी तोंडात बोट घालून उभी होते.

तरी अजून काही ठरलं नव्हतं. फुलाला माशी लागली म्हणजे काकडी धरली असं नसतं. दोन-तीन दिवसांत मागची काकडी फुगून खाली वाकली तर धरली, नाहीतर ती पिवळी पडते. सहाव्या आणि सातव्या माळेला मी फोन केला नाही. जावेनंही केला नाही. सातव्या माळेला फक्त दिराचा फोन माझ्या नवऱ्याला आला, की उद्या रोटर जोडतोय, वैनींना यायचं तर येऊ द्या.

अष्टमीला मी रजा टाकली. अम्माही आली, कारण त्या दिवशीची बतकम्मा सगळ्यात मोठी असते. रानात पोचलो तर ट्रॅक्टर पट्ट्याच्या तोंडाशी उभा, मागं रोटर, आणि वर दीर. इंजिन बंद होतं. तो कुठलीही घाई करत नव्हता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. अम्मा सरळ फुलांत गेली. मी सऱ्यांत शिरले.

पहिल्या दोन सऱ्यांत काकड्या वाकल्या होत्या. बोटभर, अंगावर बारीक काटे, टोकाला वाळलेलं फूल. तिसऱ्या, चौथ्या सरीत काही धरलेल्या, काही गळालेल्या. पाचव्या-सहाव्यात खाली पिवळ्या पडलेल्याच जास्त. मी परत परत फिरले, जणू फिरल्यानं वाढणार होत्या. दीर खाली उतरून माझ्या मागं फिरला.

"निम्म्या धरल्यात," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "निम्म्या धरल्या."

"निम्म्या न्हाय धरल्या."

करारात निम्म्याचं काही बोलणंच नव्हतं. मी एरवी बोलण्यात हार जाणारी नाही, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माल त्याचा गेला होता. तो परत ट्रॅक्टरवर जाऊन बसला आणि किल्लीला हात लावला. जाऊ सहाव्या सरीच्या टोकाला उभी होती, तिनं त्याच्याकडंही पाहिलं नाही आणि माझ्याकडंही.

तेवढ्यात अम्मानं पट्ट्यातून तिला हाक मारली. "पोरी, वरती ठेवायला भोपळ्याचा फूल पाहिजे."

"भोपळा न्हाय आमच्यात, अम्मा."

"मग काकडीचा दे. पिवळा चालतो."

जाऊ वाकली, एक नुसतं फूल तोडलं आणि अम्माकडं चालत गेली. चार-पाच पावलंच होती. अम्मानं हात पुढं केला. जावेनं तिच्या तळव्यावर ठेवलं, ते फूल नव्हतं. पाकळ्या वाटेत मातीवर पडल्या होत्या. तळव्यावर नुसता उघडा केसर होता. जावेला ते कळलंही नव्हतं.

"पाकळी कुठं गेला?" अम्मानं विचारलं.

जावेनं आपल्या हाताकडं पाहिलं. परत गेली, दुसरं फूल तोडलं. माझ्या डोळ्यांदेखत तिचा अंगठा फिरला आणि पहिली पाकळी सुटली. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. तशीच उभी राहिली. मग तिसरं फूल तिनं डाव्या हातानं तोडलं, पोरानं पाण्याची वाटी न्यावी तसं जपून नेलं आणि अम्माला दिलं.

ट्रॅक्टरवरून हे सगळं दिसत होतं. दिरानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मी पट्ट्याच्या पुढं जाऊन उभी राहणार होते, काय बोलायचं ते ठाऊक नसताना. ट्रॅक्टर मागं गेला. आणखी मागं गेला, वळला आणि वाटेला लागला. जावेपाशी येऊन त्यानं तो थांबवला. बोलला तो तिच्याशी, आम्ही तिथं नसल्यासारखा.

"उद्यापासनं बाकीच्या सऱ्यात बी बसू नगंस."

"आन न्हाय धरल्या तर?"

"तर न्हाय धरल्या," तो म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी अम्माची बतकम्मा उभी राहिली, कमरेएवढी, आणि टोकाला काकडीचं फूल. मी फेरात होते. टाळी चुकत होती, पण होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी चहा गाळत होते तेव्हा फोन वाजला. जाऊ होती. तिला रोजच्या वेळी जाग आली होती, ती रानात गेली होती, आणि तिथं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. "हात मोकळं हायती, अक्का," ती म्हणाली, "कुटं ठिवू कळंना." मी तिला म्हणाले, घरी जा, चहा घे आणि बांधावर येऊन बस. तिनं फोन बंद केला नाही, तो चालू ठेवूनच ती घराकडं निघाली. मी चहा कपात ओतला आणि ती बांधावर परत यायची वाट बघत फोन कानाला धरून उभी राहिले.